धोंडी बिन रामा, दोघे

वडील गेल्यानंतर तीन महिन्यांनी मी आणि माझा धाकटा भाऊ वारस नोंदीसाठी गावी गेलो. गाव वाळवा तालुक्यातलं. तलाठ्यांनी सातबारे काढून दिले आणि एका उताऱ्यावर बोट ठेवलं. इतर हक्काच्या रकान्यात एक जुनी ओळ तशीच उभी होती : ‘साऊ कोम धोंडी रामा, अन्नवस्त्र’. ते म्हणाले, “या कोण? नाव कमी करायचं असेल तर यांची मृत्यूची नोंद आणा आणि प्रतिज्ञापत्रावरच्या वंशावळीत यांचं नातं लिहा.”

नातं मला माहीत होतं, निदान तेव्हा तरी तसं वाटलं. धोंडी रामा म्हणजे माझे पणजोबा. त्यांची पहिली बायको साऊ, तिला मूल नव्हतं. मग दुसरी केली, तानू, आणि तानूच्या पोटी माझे आजोबा. आजोबा साऊला ‘थोरली आई’ म्हणायचे. हे घरात सगळ्यांना पाठ होतं. मी तिथल्या तिथे कागदावर तसं लिहिलं. तो कागद आज माझ्याकडे आहे. त्यातली साऊची जागा चुकीची आहे, आणि चूक कळायला मला दोन वर्षं लागली.

आमच्यासारख्या घरांत नावं कशी फिरतात हे आधी सांगायला हवं. आजोबाचं नाव नातवाला, ही रीत सगळीकडची. पेशव्यांच्याच घरात पाहा : बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव, बाजीरावांचा मुलगा पुन्हा बाळाजी, आणि रघुनाथरावांनी मुलाला नाव ठेवलं ते आपल्या वडिलांचं, बाजीराव. त्यांना थोरले, दुसरे, सवाई अशी विशेषणं लावून इतिहासानं वेगळं ठेवलं. शेतकऱ्याच्या घरात विशेषण लावणार कोण? आमचा मूळ पुरुष रामा. त्याला दोन मुलगे, थोरला बाबाजी आणि धाकटा गणू. दोघांनीही आपल्या पहिल्या मुलाला बापाचं नाव दिलं. म्हणजे एकाच वाड्यात रामा बाबाजी आणि रामा गणू. त्यात सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, म्हणून सासऱ्याचं नाव लावलेल्या पोराला ती बापू नाहीतर नाना म्हणणार. मग भावकीत चार बापू आणि तीन नाना. कागदावरचं नाव कुणी हाकेला वापरत नाही आणि हाकेचं नाव कागदावर येत नाही.

साऊच्या मृत्यूची नोंद सहज सापडली. ती गेली तेव्हा आत्या सात-आठ वर्षांची होती, त्यामुळे साधारण वर्ष माहीत होतं. गाव नमुना 14, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, आपण जिला कोतवाल बुक म्हणतो, त्यात ‘साऊबाई धोंडी’ मिळाली. तिथेच थांबले असते तर काम झालं होतं. पण 2023च्या अखेरीस जुन्या नोंदींच्या शोधासाठी तालुक्या-तालुक्यात ही बुकं रुमालांतून बाहेर निघाली होती, स्कॅन झाली होती, आणि आमच्या गावचीही बरीच पानं बघायला मिळत होती. आपल्या माणसांची नावं त्या पिवळ्या पानांवर दिसायला लागली की हात थांबत नाही. मी मागे मागे जात राहिले.

अडचण मोडीची. जुनी पानं सगळी मोडीत. मी मोडी शिकायला बसले ती यासाठीच. अक्षरओळख महिन्याभरात झाली, पण आधी आखलेली लांब रेघ, तिच्याखाली एका दमात लिहिलेली ओळ, शब्द कुठे संपतो याची खूण नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही, हे सगळं डोळ्यांत बसायला सहा महिने गेले. कोतवाल बुक शिकाऊ माणसाला बरं, कारण तेच तेच शब्द येतात : मुलगा, मुलगी, मयत, ताप, पटकी. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचं नाव नसतंच, नुसतं बापाचं नाव आणि ‘मुलगा’. नावं शोधणाऱ्याला याचा फार त्रास होतो.

मग 1918चं पान आलं. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता आणि सप्टेंबरपासून इन्फ्लुएंझाची दुसरी, मोठी लाट आली. पुस्तकात हे वाचलेलं वेगळं आणि आपल्या गावच्या बुकात पाहणं वेगळं. एरवी ज्या गावात महिन्याला दोन-तीन मयतं, तिथे पानामागून पान भरलेलं आणि कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द, ताप. लिहिणाऱ्यानं पुढे पुढे तो शब्दही लिहायचा सोडून फक्त खुणेची रेघ ओढली आहे. त्या ओळींत 27 ऑक्टोबरला : धोंडी रामा, पुढे आमचं आडनाव, वय 22.

मी ते तीनदा वाचलं. माझे आजोबा 1930च्या सुमारास जन्मले. त्यांचा बाप 1918 साली मेलेला कसा असेल? भाऊ म्हणाला, “ताई, कोतवालाची चूक असंल.” मलाही तेच मानावंसं वाटलं, कारण दुसरं काही मानलं तर घरातली सगळी गोष्ट हलत होती. पणजोबा चांगले साठी ओलांडून गेलेले, आत्यानं त्यांना ओसरीवर तंबाखू मळताना पाहिलेलं. पण मयताची नोंद करणारा माणूस मेला नसताना मेला असं का लिहील? वय चुकतं, तारीख एखाद्या दिवसानं चुकते. माणूस सहसा चुकत नाही.

म्हणजे धोंडी रामा दोन. पण एका भावकीत, एका पिढीत, बापाच्या नावासकट सारखे दोन धोंडी कसे? रामा दोन होते हे ठीक, ते आजोबाच्या नावावरून. धोंडी हे नाव कुणाच्या आजोबाचं नव्हतं. याचं उत्तर नावातच होतं आणि ते मला आत्यानं सांगितलं. मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडी, केरू ठेवायचं, म्हणजे काळाची नजर पडत नाही. मी जन्म-मयताची पानं पुन्हा उघडली. रामा बाबाजीच्या नावापुढे तीन मुलांची मयतं, सगळी वर्षाच्या आतली. रामा गणूच्या नावापुढे दोन. मग दोघांच्याही नावापुढे एकेक ‘मुलगा’, ज्यांच्या मयताची नोंद बालपणी नाही. दोन्ही घरांत पाळणे रिकामे होत होते. दोन्ही घरांनी एकच उपाय केला.

आता प्रश्न उरला तो असा, की 1918ला गेलेला कुणाचा धोंडी, आणि साऊ कुणाची.

इथे मी बरेच दिवस चुकीच्या वाटेनं गेले. नाव जिथे दिसेल तिथून उतरवून घ्यायचं, असा माझा सपाटा चालू होता. ‘धोंडी रामा’ची सतरा कागदांची चळत झाली आणि त्यातला एकही कागद बोलेना. मला मार्गी लावलं ते आमच्या शेजारच्या गावच्या एका निवृत्त तलाठी भाऊसाहेबांनी. ते म्हणाले, “नावाच्या मागं लागू नका. बांधाच्या मागं जा. माणूस नाव बदलतो, जमीन जागा बदलत नाही.”

बांधाच्या मागे जायचं म्हणजे आधी आजचा गट नंबर घ्यायचा. एकत्रीकरणाचा कायदा 1947चा. ती योजना ज्या गावात झाली तिथे जुने सर्व्हे नंबर मोडून गट पडले, त्यामुळे आधी एकत्रीकरणाच्या पत्रकावरून गटाचा जुना सर्व्हे नंबर काढायचा. मग क-ड-ई पत्रक, म्हणजे सातबाऱ्याआधीची जुनी हक्कनोंद, मग त्यातले फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, एकेक करून उलट्या क्रमानं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा 1903चा, म्हणून फेरफाराची साखळी साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच मागे जाते. आमच्या त्या काळाला ती पुरेशी होती. एक गोष्ट वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावी : आमच्या भागाच्या जुन्या कागदांवर जिल्हा सातारा असतो. दक्षिण सातारा वेगळा झाला 1949 साली, त्याला सांगली हे नाव मिळालं 1960 साली. सांगली शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही.

ज्या तुकड्यावर साऊचं नाव होतं त्याला घरात ‘साऊची पट्टी’ म्हणतात. ओढ्याकाठची, जेमतेम पाऊण एकराची. आम्हाला वाटायचं, पणजोबांनी पहिल्या बायकोच्या हौसेखातर नाव दिलं असेल. त्या पट्टीचा फेरफार हातात आला तो असा : रामा बाबाजी मयत, वारस मुलगा धोंडी रामा, ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. इतर हक्कात साऊ कोम धोंडी रामा, अन्नवस्त्र.

‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. खातेदार धोंडी रामा, साऊ धोंडी रामाची बायको. मला त्यात नवीन काही दिसेना. मी कागद भाऊसाहेबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि मला विचारलं, “नवरा जिता असताना, त्याच्याच खात्यावर बायकोचा अन्नवस्त्राचा हक्क कोण लावतंय?”

मी गप्प झाले. प्रश्न इतका साधा होता. एकत्र कुटुंबातला पुरुष निपुत्रिक मेला, की त्याचा हिस्सा उरलेल्या पुरुषांकडे जायचा आणि त्याच्या विधवेला राहायचं फक्त खाणं आणि कपडा. 1937च्या कायद्याआधी एकत्र कुटुंबातल्या बाईला याहून जास्त काही मिळत नव्हतं. तो हक्क जमिनीवर बोजा म्हणून लिहिला जायचा. म्हणजे या ओळीतले दोन धोंडी रामा एक नव्हेत. खातेदार आहे तो रामा बाबाजीचा, जिवंत. आणि ‘कोम’च्या पुढचा आहे तो रामा गणूचा, मेलेला. दोन घरांची चूल वेगळी झाली असेल, पण कागदोपत्री वाटणी झालीच नव्हती. धाकट्या घरचा एकुलता धोंडी बाविसाव्या वर्षी तापानं गेला, मागे बापही गेला, आणि त्या घराचा हिस्सा थोरल्या घरात मिळाला. साऊ त्या हिश्शासोबत आली. विधवा झाली तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची असावी, मयताच्या नोंदीतल्या वयावरून तसा हिशोब येतो.

तरी एक शंका होतीच. आमच्यात पूर्वी पाट लावायची, म्हणजे विधवेचं पुन्हा लग्न करायची, चाल होती. भावकीतल्याच धोंडीनं तिच्याशी पाट लावला असेल, तर घरातली गोष्टही खरी आणि कागदही खरा. मी हे मनापासून तपासलं, कारण मला ती बाई एकटी राहिली असेल असं नको वाटत होतं. पण 1856चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा एका हातानं देतो तसं दुसऱ्या हातानं काढूनही घेतो : पुन्हा लग्न केलेल्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा पोटगीचा आणि वारशाचा हक्क संपतो. साऊचं नाव त्या रकान्यातून कधी कमी झालं नव्हतं. ते आजपर्यंत तिथे उभं होतं.

त्या दिवाळीत मी आत्याकडे गेले. तिला हे सगळं कसं सांगावं कळत नव्हतं, म्हणून आधी नुसतं विचारलं, “आत्या, थोरली आई दिसायला कशी होती गं?” आत्या लाडू वळत होती. म्हणाली, “काटक. कपाळाला गोंदण, हितं, दोन भुवयांच्या मधी.” मग हात थांबला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “अगं, पर तिच्या कपाळाला कुकू न्हवतं बघ. गोंदण हुतं, कुकू न्हवतं. आणि आमचा आजा तर वसरीवर बसलेला असायचा.” आणि लाडू तसाच हातात धरून तिनं माझ्याकडे पाहिलं. “म्हंजे ती कुणाची बायकू हुती गं?”

हे साठ वर्षं तिच्या डोळ्यांसमोर होतं. लहान पोरीला कपाळावर काहीतरी दिसलं, ते गोंदण होतं, तिनं त्याचा विचार केला नाही. माझ्या आजोबांना खरं माहीत असणार, त्यांच्या पिढीत सगळ्यांनाच माहीत असणार. म्हणूनच कुणी ते सांगितलं नाही. जे सगळ्यांना माहीत असतं ते सांगायची वेळच येत नाही, आणि माहीत असणारी माणसं एकेक करून जातात. पुढच्यांनी ‘थोरली आई’ या दोन शब्दांवरून एक लग्न जुळवलं. कुणी खोटं बोललं नव्हतं.

त्यानंतर मला हेळव्याची गाठ हवी होती. आमच्या भागात आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकात हेळवी घराघरांची पिढ्यांची नावं वहीत ठेवतात, सुगीनंतर येतात, नावं वाचून दाखवतात आणि नवी लिहून घेतात. पूर्वी नंदीवर बसून यायचे. आमचा हेळवी आता मोटारसायकलवर येतो आणि यायच्या आधी फोन करतो. वडील दरवर्षी त्याला पायलीभर जोंधळे आणि पैसे देत, तो वाचत असताना आम्ही पोरं आत-बाहेर पळत असू. या खेपेला मी समोर बसले. त्यानं मूळ रामापासून सुरुवात केली. बाबाजीचा वेल संपवून गणूवर आला : गणूचा रामा, रामाचा धोंडी. मग वहीतून मान वर न करता म्हणाला, “ह्यो वेल पुढं न्हाय.” आणि पान उलटलं. लहानपणी हेच वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. मी त्याला ते पान पुन्हा वाचायला लावलं.

मुंबईच्या गिरणीची गोष्टही घरात होती, की धोंडी तरुणपणी गिरणीत कामाला होता आणि तालमीत पैलवान म्हणून नाव होतं. एका माणसाच्या अंगावर आम्ही दोघांची आयुष्यं चढवली होती, त्यातलं कुठलं कुणाचं? तालीम थोरल्या घरच्या धोंडीची, कारण आत्यानं त्याचे मोडलेले कान पाहिले होते. गिरणी मात्र मी धाकट्या घरच्या धोंडीच्या नावापुढे पेन्सिलीनं लिहिली आहे. 1918ला मुंबईहून गावाकडे परतलेल्या माणसांबरोबर ताप खेड्यापाड्यांत आला, आणि माझं मन म्हणतं की तो त्यांच्यातला एक असावा. पण मन म्हणतं म्हणून शाई वापरायची नाही, एवढी शिस्त या दोन वर्षांत अंगी आली आहे. वंशावळीत आता प्रत्येक नावाला मी घर जोडते : मूळ रामा, थोरल्या घरचा रामा, धाकट्या घरचा रामा. शक्य तिथे बायकोचं नाव आणि ज्या बांधावर तो होता त्याचा सर्व्हे नंबर. आजोबांना एक भाऊ होता, त्याच्याही शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून आहे आणि आजोबांच्याही. गुरुजींनी शाळेत घालताना लावलेल्या त्या तारखांवर मी माणूस ओळखत नाही.

शेवटचा पुरावा घरातच होता. पितृपंधरवड्यात आमच्याकडे दोन म्हाळ घातले जातात. एक पंचमीचा, मोठा. दुसरा अष्टमीचा, नुसतं एक पान. अष्टमीचं पान कुणाचं, असं मी लहानपणी आईला विचारलं होतं. आई म्हणाली होती, “आत्याबाई वाढत होत्या, मी वाढते.” आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई. आणि आजीला ते कुणी सांगितलं असेल? ती लग्न होऊन आली तेव्हा घरात तानू होती आणि साऊ होती. मी शंभर वर्षांचं पंचांग काढून 27 ऑक्टोबर 1918 पाहिलं. त्या वर्षी दिवाळीची अमावास्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला आली होती. 27ला सकाळी आश्विन वद्य अष्टमी.

साऊनं चाळीसहून जास्त वर्षं त्याचं पान वाढलं. ती गेल्यावर आजीनं, मग आईनं. त्याचं नाव घरातून पुसलं गेलं, आणि तरीही दर वर्षी कुणीतरी त्याला जेवू घालत होतं.

नवीन प्रतिज्ञापत्र केलं. त्यात साऊचं नातं लिहिलं : धाकट्या घरच्या कै. धोंडी रामा गणू यांची पत्नी. तलाठ्यांनी वाचलं, साऊच्या मृत्यूची नोंद जोडून घेतली, फेरफार धरला. तिचं नाव इतर हक्कातून कमी झालं. नक्कल मी घरी आणली आहे.

यंदा अष्टमीला आत्या मुद्दाम आमच्याकडे आली. पान वाढताना तिनं पहिल्यांदा नाव घेतलं, धाकट्या घरचा धोंडी. बाहेर कावळ्याला घास ठेवून आत आली आणि म्हणाली, “त्याचं झालं. तिचं कुटं हाय?” साऊचं पान कधीच वाढलं गेलं नव्हतं. तिचं कोण वाढणार? मृत्यूची तारीख नोंदीत होतीच. मी पंचांग पुन्हा उघडलं आणि तिथी काढली, द्वादशी आली. आत्यानं भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढायला सांगितलं, चार दिवसांनंतरच्या चौकोनात पेननं गोल केला आणि त्यात माझ्याकडून लिहून घेतलं : साऊ.